पिवळ्या ओढणीची मुलगी

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली तुझ्या भरतनाट्यम क्लासची रील तीनदा पाहिली. पहिल्यांदा नाच पाहिला, दुसऱ्यांदा पाय, आणि तिसऱ्यांदा कोपऱ्यातली ती पिवळ्या ओढणीची पोर. सगळ्या गुडघे बाजूला वाकवून अर्ध्या, म्हणजे अरमंडीत बसतात, ही एकटी उभीच. मग शेजारणीकडे बघून दचकून बसते. त्यावर तू हसरा चेहरा चिकटवला आहेस. लोकांनी नेमकं तेवढंच उचललं. खाली काय काय लिहिलंय ते तू वाचलंसच. तीही वाचेल. नाहीतर शाळेत कोणीतरी वाचून दाखवेल.

रागावत नाही, कारण हा प्रताप मीही केलाय. काही वर्षांपूर्वी एका नऊ वर्षांच्या मुलीचा तट्टडवू, म्हणजे पायांचा अगदी पहिला धडा, चुकतानाचा व्हिडिओ 'गोड गडबड' म्हणून फेसबुकवर टाकला. तिच्या आजीला फार आवडला. मुलगी मात्र पुढच्या आठवड्यापासून मागच्या रांगेत उभी राहू लागली आणि दिवाळीनंतर आलीच नाही. आईने अभ्यासाचं कारण सांगितलं. मी ते मानून घेतलं, सोयीचं होतं म्हणून.

तेव्हापासून वर्ग सुरू असताना माझा फोन चपलांच्या फळीवर असतो. पोरं चुकायलाच आपल्याकडे येतात गं. कोणी बघत असेल तर ती चुकणं बंद करतात, आणि मग शिकणंही. २०२३ चा वैयक्तिक माहितीचा कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरतो आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची संमती मागतो. प्रवेश-फॉर्मच्या तळाशी 'फोटोस हरकत नाही' एवढं छापून ती मिळाली असं समजू नकोस. कार्यक्रमाचा व्हिडिओ टाकायचा तर तो आधी पालकांना पाठव, आणि मुलीलाही विचार. ती नुसती मान खाली घालून उभी राहिली, तर ते 'नाही'च. मुलीचा चेहरा, क्लासचा पत्ता आणि सुटायची वेळ या तीन गोष्टी एकाच पोस्टमध्ये कधीही नकोत. कोण बघतंय ते आपल्याला दिसत नाही.

मग दाखवायचं काय, असं विचारशील. स्वतःला दाखव! अरमंडीत गुडघे पुढे आले तर काय होतं आणि बाजूला उघडले तर काय, हे स्वतःच्या पायांवर एका मिनिटात दाखव. एकदा मराठीत बोल, एकदा गुजरातीत. आपल्याकडे निम्म्या आया "बेन, फी केटली?" असंच विचारत येतात, तेव्हा फी, वार आणि वेळ सगळ्यात वर पिन करून ठेव. अरंगेत्रमला, म्हणजे मंचावरच्या पहिल्या पूर्ण एकल कार्यक्रमाला, किती वर्षं लागतील तेही खरं सांग: सात-आठ तरी. 'सहा महिन्यांत मंचावर' म्हणणाऱ्यांकडे जायचं त्यांना जाऊ दे. माझ्याकडे बहुतेक मुली एखाद्या आईच्या व्हॉट्सॲप स्टेटसमुळे आल्या, रीलमुळे फार थोड्या. नवरात्रात गरब्याची रील टाकलीस तर लाइक्स धो-धो येतील, पण क्लासला त्यातलं कोणी फिरकायचं नाही. हौस म्हणून खुशाल टाक.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. रीलमधला तिल्लाना, तो शेवटचा द्रुत लयीतला नाच, माझ्या बसवणीचा आणि खाली नाव फक्त तुझ्या क्लासचं. माझं राहू दे, पण तू बडोद्याची आहेस. १८८० मध्ये चिमणाबाई महाराणी तंजावरहून लग्न होऊन इथे आल्या आणि त्यांच्यामागून दरबारात भरतनाट्यम आलं. गौरा आणि कांतीमती ही त्या कलावंतिणींची नावं आज आपण घेऊ शकतो, कारण कोणीतरी ती नोंदवून ठेवली. कांतीमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर यांनी पुढे इथेच विद्यापीठात पिढ्या घडवल्या. त्यांना बसवून देणाऱ्या, साथ करणाऱ्या किती जणांची नावं गेली, कोण जाणे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लिहून किंवा चित्रित करून ठेवलेली नृत्यरचनाही येते, पण मी कायद्यासाठी म्हणत नाहीये. रचना कोणाची, नट्टुवांगम, म्हणजे झांजांवर ताल धरून बोल म्हणणं, कोणाचं, गायलं कोणी, या दोन ओळी लिहायला कितीसा वेळ लागतो? आणि बिझनेस खातं असेल तर सिनेमाचं गाणं मागे लावण्याआधी परवानगी आहे का ते बघ. आवाज गायब झालेली रील फार केविलवाणी दिसते.

तो व्हिडिओ आज रात्रीच काढ. ज्यांनी उतरवून घेतला त्यांचं आता काही करता येणार नाही. मुलीला बोलावून मोठी माफी वगैरे मागत बसू नकोस, ती आणखी अवघडेल. आईशी फोनवर बोल. सोमवारी तिला पहिल्या रांगेत तुझ्यासमोर उभी कर आणि तालासाठी पाटावर काठी वेळेवर टाक. त्या रीलमध्ये तुझीच काठी उशिरा पडली होती, तिसऱ्यांदा पाहताना मला ऐकू आलं. बाकीच्या शेजारणीचं बघून बसल्या. ती पोर काठीची वाट बघत होती.

तुझी,
ताई