आयुष्यातल्या गोष्टी लिहितोय पण 'यातून सांगायचंय काय' हे वाचणाऱ्याला कळत नाही, काय करू?

तुम्ही लिहिलंय की रिटायर झाल्यावर आठवणी लिहायला घेतल्या, वही भरली आणि सुनेने वाचून विचारलं, "बाबा छान आहे, पण यातून सांगायचंय काय?" सुनेने मनापासून वाचलंय बरं का, नाहीतर "छान" म्हणून वही परत दिली असती.

माझे मामा निफाड तालुक्यातले, द्राक्षवाले. त्यांच्या वहीचं असंच होतं. पहिलं वाक्य "माझा जन्म एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला" आणि तिथून शाळा, विहीर, लग्न, पहिली बाग, गारपीट, सगळं ओळीने, आणि शेवटी "संकटांना न डगमगता सामोरे जावे". हे वाक्य कुणाच्याही वहीत चालेल, म्हणून ते कुणालाच लागत नाही.

मी मामांना एवढंच विचारलं की तुमच्या कुठल्या निर्णयावरून घरात भांडण झालं? ते लगेच म्हणाले, बाग कुणाला द्यायची, म्हणजे द्राक्षं कुठल्या व्यापाऱ्याला विकायची, त्यावरून. झालं असं की एका वर्षी बाहेरगावच्या व्यापाऱ्याने चांगला भाव बोलून माल नेला, चेक दिला, तो वटलाच नाही आणि माणूस गायब. पुढच्या हंगामात दोघं आले, एकाचा भाव जास्त पण पैसे महिन्याने, दुसरा किलोमागे चार रुपये कमी पण क्रेट गाडीत चढायच्या आधी रोख. मामांनी रोखवाल्याला बाग दिली. मुलगा बोलेना, मामी म्हणाल्या पोरीच्या लग्नाचं वर्ष आहे, जरा तरी विचार करा. आणि त्यात त्या जास्त भाववाल्याने शेजाऱ्याचे पैसे अगदी वेळेवर दिले! मामा म्हणाले हे कसं लिहू, यात तर मीच चुकलो असं दिसतं. मी म्हटलं हेच लिहा, आणि तरीही पुढच्या वर्षी तुम्ही रोखीनेच का दिलीत तेही लिहा. तर म्हणाले, "अगं त्या महिन्यात मला झोप लागली ना."

झाला की संदेश. पटो न पटो, तो फक्त मामांचा आहे. आपल्याला काय मिळालं आणि त्यासाठी काय गेलं हे दोन्ही लिहायचं, नुसतं मिळालेलं लिहिलं की प्रवचन होतं.

लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचलं नसेल तर आधी वाचा. बाई आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, जन्म 1868 चा, शाळेचं शिक्षण नाही. वडिलांच्या सोवळ्याने अख्खं घर कसं वेठीला धरलं होतं ते त्या प्रसंगांतून सांगतात, वर भाषण ठोकत नाहीत, आणि तरी त्यांना काय म्हणायचंय याची वाचताना जराही शंका राहत नाही. सावानात (नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, 1840 पासूनचं आहे) नक्की विचारा.

अजून एक, मोठे शब्द टाळा. "गोदामाईला महापूर आला" यापेक्षा "पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं आणि आईने धान्याचे डबे माळ्यावर चढवायला घेतले" हे नाशिककराला लगेच दिसतं, कारण इथे गोदावरीचा पूर पात्रातल्या या मारुतीच्या मूर्तीवरच मोजतात. बाहेरच्या वाचकासाठी अर्ध्या वाक्यात मारुती कुठे आहे ते सांगा, की झालं.

लिहिताना भाषा पुस्तकी होत असेल तर मोबाईलवर मराठी व्हॉइस टायपिंग लावा आणि सुनेला सांगताय असं बोला. मामांचं "सामोरे जावे" तिथेच गळालं, कारण बोलताना असं कोण बोलतं? चुका नंतर दुरुस्त करता येतात.

आणि नावांचं सांभाळा प्लीज. वहीत खरी राहू देत, पण बाहेर कुठे द्यायचं असेल तर समोरच्याचं आडनाव, गाव बदला. मामांनी व्यापाऱ्याचं दोन्ही बदललं. मुलाला मात्र आधी वाचायला दिलं, कारण गोष्टीत तोही आहे, आणि त्याने सांगितलं की मी रुसलो होतो ते राहू द्या पण मी माफी मागितली तेही टाका. मामा ते साफ विसरले होते!