कोलॅजेनच्या सिम्युलेशनसाठी जर्मनीला येण्यापूर्वी

पुण्यातून एम.एस्सी. करून कोलॅजेन या हाडा-कंडरांतील प्रथिनाच्या मॉलिक्युलर सिम्युलेशनवर (रेणूंच्या हालचालींच्या संगणकीय अनुकरणावर) पीएचडीसाठी जर्मनीला यावे का, आणि पुढे इथेच प्राध्यापक होता येईल का, असे आपण विचारले आहे. पहिल्याचे उत्तर ‘जरूर या’ असे आहे. दुसऱ्याचे इतके सरळ नाही.

इथली पीएचडी बहुतेक वेळा रीतसर नोकरीच असते, परंतु करार अनेकदा ई१३ या सार्वजनिक सेवेतील पगारश्रेणीच्या ६५ ते ७५ टक्के पगाराचा असतो आणि काम मात्र पूर्ण वेळाचे. एकट्याचे त्यात भागते, म्युनिकचे घरभाडे वगळता. खरी अडचण पुढे येते. मुदतीच्या करारांवरील कायद्यानुसार विद्यापीठाला आपल्याला पीएचडीपूर्वी साधारण ६ आणि नंतर ६ वर्षेच अशा करारावर ठेवता येते. मुलांमागे काही सवलत मिळते, बाहेरच्या निधीवरील प्रकल्पांना वेगळा नियम आहे. प्राध्यापकपदाच्या खालच्या कायम जागा मोजक्याच, आणि ज्या विद्यापीठात घडलो तिथेच थेट प्राध्यापक म्हणून नेमणूक होण्याचा सहसा प्रघात नाही, त्यामुळे पस्तिशीनंतरही बिऱ्हाड हलवण्याची तयारी हवी.

म्हणून गट निवडताना मार्गदर्शकाच्या नावापेक्षा कामाची पद्धत पाहावी. सिम्युलेशनचे एक पाऊल साधारण २ फेम्टोसेकंदांचे (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा दशलक्ष-अब्जावा भाग) असते. एक मायक्रोसेकंद गाठायला अशी ५० कोटी पावले लागतात, आणि कोलॅजेनचा रेणू तर सुमारे ३०० नॅनोमीटर लांब, भोवतीचे पाणी वेगळेच. त्यामुळे बहुतेक जण त्याचा छोटा तुकडा घेतात किंवा अनेक अणूंचा एक मणी करून ढोबळ प्रारूप वापरतात. मुलाखतीत थेट विचारा: महासंगणकाचा वेळ कोणाच्या नावावर मंजूर आहे, हायड्रॉक्सिप्रोलिन या कोलॅजेनमधल्या अमिनो आम्लाचे पॅरामीटर (अणूंमधील बलांचे आकडे) कुठून घेतले, आणि निष्कर्ष प्रयोगाशी ताडून पाहणारा गट सोबत आहे का. शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली, तर मी ती जागा घेणार नाही. ग्रोमॅक्स हे सिम्युलेशनचे सॉफ्टवेअर चालवता येणारे पुष्कळ आहेत. स्वतः नवी पद्धत लिहिणारा, किंवा हाडे-कंडरांवर प्रयोग करणाऱ्यांशी त्यांच्या परिभाषेत बोलू शकणारा उमेदवार निवड समितीला वेगळा दिसतो, आणि उद्योगातही त्याचीच किंमत होते.

जर्मन पहिल्याच वर्षी शिकायला घ्या. प्रयोगशाळेत इंग्रजीवर निभावते, पण पदवीचे वर्ग बहुतांशी जर्मनमध्येच चालतात, आणि प्राध्यापकाला ते घ्यावेच लागतात.