मारुती जिप्सीच्या मागच्या पाट्याचा (लीफ स्प्रिंगचा) पुढचा बोल्ट: नट निघाला, डोकं फिरतं, पण बोल्ट बाहेर येत नाही. काय करावं?

तुमच्या वर्णनावरून आटे जाम झालेलेच नाहीत, त्यामुळे पाना कितीही मोठा लावला तरी उपयोग नाही. पाट्याच्या टोकाच्या गोल डोळ्यात रबरी बुश असतो आणि बुशच्या मधोमध लोखंडी नळी. बोल्टचा बिनआट्याचा भाग त्या नळीला आतून गंजून चिकटलाय. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो पाचरीसारखा बसतो. आपल्या नागपूरकडची काळी माती एकदा हँगरच्या (चॅसिसवरच्या, पाटा धरणाऱ्या ब्रॅकेटच्या) खोबणीत भरली की पाऊस उघडल्यावरही कितीतरी दिवस ओल धरून ठेवते. उमरेड, पेंचकडे चालणाऱ्या गाड्यांना हा त्रास म्हणूनच जास्त.

खात्री करायला डोक्यावर खडूने रेघ मारा, पान्याला पाइप लावून पाव फेरा फिरवा आणि सोडून द्या. रेघ मागे आली तर रबर पिळलं जातंय, म्हणजे बोल्ट नळीला चिकटलाय. बोल्ट गोलगोल फिरतच राहिला तर नळी रबरापासून सुटून बोल्टसोबत फिरतेय. या दुसऱ्या प्रकारात इम्पॅक्ट गनने वेळ घालवू नका.

आता वाचवायचं काय ते आधी ठरवा. बोल्ट स्वस्त, बुश तसाही बदलायचाच. वाचवायचा आहे तो चॅसिसला वेल्ड केलेला हँगर. त्याचे कान (बोल्ट जातो त्या दोन बाजूच्या पट्ट्या) वाकले किंवा भोक मोठं झालं तर काम दसपट वाढतं. म्हणून हँगरवर घण पडेल असं काहीही करायचं नाही.

चॅसिसखाली स्टँड लावा, विटा नाही. वीट भार घेता घेता अचानक फुटते. पुढच्या चाकांना ओंडके लावा. अ‍ॅक्सलखाली वेगळा जॅक लावून तो वर-खाली करत बोल्टवरचा भार काढा. पाट्याचा भार बोल्टवर असेल तर सुटा बोल्टही अडकतो.

वायर ब्रशने माती-गंज काढून दोन्ही टोकांना गंज सोडवणारं तेल मारा, दिवसातून तीनदा, दोन दिवस. घरी करायचं तर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं. हे दोन्ही वेगळे होतात, म्हणून दर वेळी हलवून घ्या. अ‍ॅसिटोन ५६ अंशाला उकळतं. मे महिन्यात दुपारी टिनाच्या शेडखाली ते झिरपण्याआधीच उडून जाईल, म्हणून संध्याकाळी मारा आणि जवळ ठिणगी नको. खरं सांगायचं तर तेल फक्त नळीच्या टोकांतून आत जातं, मधल्या भागापर्यंत पोचेलच असं नाही. तरी एक संधी द्यावी.

मग जुना नट परत लावा, इतका की त्याचं तोंड बोल्टच्या टोकाशी सपाट होईल. त्यावर दोन किलोच्या घणाचे पाच-सात नेमके ठोके, आणि त्याच वेळी दुसऱ्याने डोकं पुढे-मागे फिरवत राहायचं. छोट्या हातोडीने शंभर ठोके मारले तर फक्त टोक फुगतं आणि मग बोल्ट भोकातूनही जात नाही. सात-आठ ठोक्यांत हलला नाही तर थांबा.

गॅसने तापवायचा सल्ला बरेच जण देतील. नट जाम असेल तिथे तो बरोबर आहे: १२ मिमीचं भोक ३०० अंशांनी तापवलं तर साधारण ०.०४ मिमी मोठं होतं आणि गंजाची पकड तुटते. पण इथे आधी रबर पेटतं, काळा धूर होतो, आणि चॅसिसवरून जाणारे पेट्रोल-ब्रेकचे पाइप हाताच्या अंतरावर असतात. या बोल्टला मी गॅस लावणार नाही.

माझं उत्तर कापणं. रेसिप्रोकेटिंग सॉ (पुढे-मागे चालणारी विजेची करवत) भाड्याने घ्या, त्याला ९ इंची बाय-मेटल ब्लेड, इंचाला १४ ते १८ दात. बुशची रबरी कड सुरीने कापून डोळा आणि हँगरचा कान यांच्यात फट करा आणि ब्लेड त्यात घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापा. वेग कमी, दाब जास्त, मधूनमधून तेलाचा थेंब. फुल स्पीडवर ब्लेड लाल होतं आणि दात बसतात. तीन-चार ब्लेड जवळ ठेवा. ग्राइंडरची चकती या फटीत सरळ बसत नाही आणि कान खाते. दुसरा काप पूर्ण होण्याआधी पाट्याखाली आधार द्या, नाहीतर तो दणकन खाली येतो. कानांत राहिलेले तुकडे बोटानेही निघतात. बुश प्रेसवर काढून घ्या, हिंगणा एमआयडीसीत हे काम सहज होतं.

नवा बोल्ट घेताना जुना सोबत न्या. इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानात लांबी, जाडी जुळते पण ग्रेड (बोल्टची ताकद) जुळत नाही, असं होतं. डोक्यावर जुन्यासारखाच ८.८ किंवा १०.९ आकडा हवा. आट्यांचा पिचही (दोन आट्यांमधलं अंतर) तपासा: जपानी गाड्यांत १२ मिमीला बहुधा १.२५ मिमी असतो, दुकानात सर्रास मिळतो तो १.७५. बिनआट्याचा भाग पूर्ण नळीत बसेल एवढा लांब असावा. आटे नळीत आले की तिथेच पाणी साचतं.

बसवताना बोल्टच्या मधल्या भागाला अँटी-सीझ (जाम होऊ न देणारी पेस्ट) किंवा ग्रीसचा पातळ थर द्या, रबराला लागू देऊ नका, साध्या ग्रीसने ते फुगतं. नट आधी हातघट्ट ठेवा. गाडी चाकांवर उभी करून दोन-चारदा दाबून हलवा आणि मगच मॅन्युअलमधल्या टॉर्कला (आवळायच्या जोराला) आवळा. हवेत लटकलेल्या पाट्यावर आवळला तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो. आट्यांना अँटी-सीझ लागलं असेल तर टॉर्क पाव हिश्श्याने कमी धरा.