डॉट मॅट्रिक्सवर पहिलं चित्र छापताना

नऊ पिनांचा (म्हणजे ठिपके मारणाऱ्या नऊ सुयांचा) एप्सन प्रिंटर घेतलात, छान केलंत! शिकायला उत्तम यंत्र आहे.

मजकूर पाठवता तेव्हा फक्त अक्षराचा क्रमांक जातो. ठिपके कुठे मारायचे ते प्रिंटरचा कंट्रोलर रॉममध्ये (त्याच्या कायमच्या स्मृतीत) बघतो. चित्रात मात्र प्रत्येक बाइट (० ते २५५ मधली एक संख्या) म्हणजे आठ पिनांचा एक उभा रकाना, आणि १२८ म्हणजे सर्वांत वरची पिन. रॉममध्ये देवनागरी नसेल तर मराठीही याच वाटेने छापायची.

चित्राची आज्ञा म्हणजे २७, ७५ हे बाइट आणि मग रकान्यांची संख्या दोन बाइटांत. ४८० रकान्यांसाठी २२४, १ (२२४ + १ × २५६). नवखे इथेच हमखास अडकतात. एक बाइट जरी कमी पडला, तरी पुढचा मजकूर चित्र समजून छापला जातो. मोजूनच पाठवा.

आणखी दोन गोष्टी:
- सुरुवातीला २७, ६४ पाठवा, जुन्या सेटिंग पुसल्या जातात.
- चित्रात पांढरे पट्टे आले तर ओळींतलं अंतर कमी करायला २७, ५१, २४ (म्हणजे २४/२१६ इंच) पाठवा. एरवी ओळींतलं अंतर १/६ इंच असतं, पिना भरतात ८/७२ इंचच.

जास्त घनतेच्या आज्ञा सध्या राहू द्या. आज एवढंच छापा: २७, ७५, ८, ०, मग २५५, सहा वेळा १२९, पुन्हा २५५, शेवटी १३, १० (ओळीच्या सुरुवातीला जा, पुढच्या ओळीवर या). चौकोन उमटेल, पण किंचित आडवा. कारण इंचाला ठिपके आडवे ६० आणि उभे ७२.