पायोरिया होऊन गेलाय, आता इम्प्लांट बसवावं का?

प्रश्न: डॉक्टर, आम्ही साताऱ्याचे. आई 58 वर्षांची आहे, तिला पायोरिया होता, हिरड्यांचं ऑपरेशन पण झालंय. खालच्या दोन दाढा गेल्या आणि पुढचे दोन दात थोडे हलतात. एक डॉक्टर म्हणतात हलणारे पण काढा, सगळीकडे इम्प्लांट टाकू. दुसरे म्हणतात पायोरियावाल्यांना इम्प्लांट टिकतच नाही. शुगर आहे, मिश्री अजून सुटलेली नाही. काय करू?

उत्तर: ताई, मला दोन्ही सल्ले पटले नाहीत. पायोरिया झालेल्यांना पण इम्प्लांट बसवतात आणि अनेकांचं वर्षानुवर्षं छान चालतं, पण धोका इतरांपेक्षा जास्त असतो हे खरंय, हिरड्यांच्या आजारांच्या 2017 च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात पण पूर्वीचा पायोरिया, नीट न होणारी सफाई आणि नियमित तपासणी न करणं ही मोठी कारणं धरलीत.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू, त्याला कीड लागत नाही म्हणून लोक निर्धास्त होतात. पण आपल्या दाताच्या मुळाला हाडाशी बांधणारे बारीक तंतू असतात, स्क्रूला ते नसतात, त्यामुळे हिरडीची सूज हाडापर्यंत लवकर पोचते आणि हाड झिजायला लागतं, याला पेरी-इम्प्लांटायटिस म्हणतात. आणि हे जंतू येतात कुठून, तर बऱ्याचदा उरलेल्या दातांच्या पॉकेटमधूनच, म्हणजे हिरडी आणि दात यांच्यात पडलेल्या खोल फटीतूनच.

म्हणून आधी तोंड शांत करा. सगळ्या दातांचं पॉकेट चार्टिंग, म्हणजे या फटींच्या खोलीचं मोजमाप, करून घ्या, 5 मिमी किंवा जास्त खोल आणि रक्त येणारे पॉकेट उरले असतील तर त्यांचे उपचार आधी, स्क्रू नंतर. HbA1c (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) 7 च्या आसपास आणायचा प्रयत्न करा, फिजिशियनना विचारून. मिश्रीबद्दल मी कडकच बोलणार, त्यात तंबाखू आहे, जखम भरायला त्रास होतो आणि हिरड्या पण बिघडतात, इम्प्लांटच्या आधी ती बंद झालीच पाहिजे. आईला रागावू नका, इतक्या वर्षांची सवय आहे, पण सोबत बसून सोडवा.

हलणारे दात काढायची घाई अजिबात नको! थोडे हलणारे दात उपचारानंतर घट्ट होऊ शकतात, शेजारच्या दातांना बांधता पण येतात, आपला दात असेल तितका वाचवायचा असतो. दाढांच्या जागी हाड किती उरलंय ते सीबीसीटी स्कॅनमध्ये (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे) कळेल, कमी असेल तर ग्राफ्ट, म्हणजे हाडाची भर, लागेल, नाहीतर ब्रिज (शेजारच्या दातांवर आधारलेले पक्के दात) किंवा काढता येणारी कवळी पण आहेच, त्यात कमीपणा काही नाही.

इम्प्लांट बसवल्यावर साधारण दर तीन महिन्यांनी सफाई आणि तपासणी, तीही कायमची, हा खर्च आणि वेळ आधीच धरून ठेवा. कॅप अशी करायला सांगा की तिच्या बाजूने इंटरडेंटल ब्रश (दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश) सहज शिरेल. आणि नंतर कधी हिरडीतून रक्त किंवा पू आला तर दुखत नाही म्हणून थांबू नका, यात बऱ्याचदा दुखतच नाही, लगेच दाखवा.