वाळवंटी मोहिमेसाठी ‘तयार’ गाडी घेण्याआधी आरसी बुक उघडा

आपण लिहिले आहे की ठाण्याहून दरवर्षी जैसलमेर, त्याजवळची सम व खुरीची वाळूची टेकाडे आणि पुढे कच्छपर्यंत लांब मोहिमा करायच्या आहेत, आणि निवड नवी मारुती जिम्नी व जुनी डिझेल महिंद्रा थार या दोन गाड्यांत अडली आहे. त्या थारला आधीच्या मालकाने मोठे टायर, लिफ्ट किट (गाडी उंच करणारे भाग) आणि छतावर कॅरियर बसवला आहे. नेमकी अशीच ‘तयार’ गाडी मी वापरली असल्याने हे उत्तर लांबणार आहे. फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद) आणि लो रेंज (कमी वेगात अधिक जोर देणारे गिअर) हवीच. त्यावर अधिक लिहीत नाही.

समजवळच्या एका टेकाडावरून आमची गाडी आडवी घसरून कलंडली. माणसे सुखरूप होती. छताचे, काचांचे आणि पुढच्या ॲक्सलचे नुकसान झाले. टोचन करून गाडी शहरात आणली, नुकसान तपासणारा सर्व्हेअर येऊन गेला, आणि मग मुंबईतल्या विमा कार्यालयाचे हेलपाटे सुरू झाले. पॉलिसी खंडित झाली होती म्हणून ती पुन्हा काढताना याच कार्यालयाच्या माणसाने गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढले होते. त्यांत मोठे टायर आणि कॅरियर स्वच्छ दिसत होते, आणि तरीही प्रीमियम घेतला गेला. दाव्याच्या वेळी मात्र ‘आरसी बुकात (नोंदणी पुस्तकात) नोंद नसलेले बदल’ हे कारण पुढे आले. एका खिडकीवर आरटीओचे पत्र मागत, दुसऱ्या खिडकीवर ते पत्र चालणार नाही असे सांगत, आणि कार्यालयाने स्वतः काढलेले ते फोटो कोणत्या फाइलमध्ये आहेत हे कोणालाच ठाऊक नसे.

मी वकील नाही, त्यामुळे हे कायदेशीर मत समजू नये. परंतु मोटार वाहन कायद्याचे कलम 52 वाचावेच. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. दावा नाकारला गेल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे (विमा तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जावे. तेथे शुल्क लागत नाही. मला अखेर रकमेचा काही भाग मिळाला, पण तोवर एक हिवाळा, म्हणजे वाळवंटात जाण्याचा अख्खा हंगाम, हातचा गेला.

म्हणून माझा कौल कारखान्यातून आली तशीच राहू शकेल अशा गाडीला आहे. वाळूत ताकदीपेक्षा वजन अधिक नडते, आणि तेथे जिम्नी थारपेक्षा बरीच हलकी पडते. तिची उणीव टाकीची: 40 लिटर, तर थारची 57. लो रेंजमध्ये इंधन झपाट्याने संपते, म्हणून जैसलमेरपुढच्या रामगढनंतर सीमेजवळच्या तनोट-लोंगेवालाकडे जायचे असल्यास टाकी भरल्याशिवाय निघू नये. सामान फार आणि माणसे चार असतील, तर मूळ स्थितीतली थार किंवा दोन्ही ॲक्सलना डिफरन्शियल लॉक (एक चाक नुसते फिरू लागले तरी दुसऱ्याला जोर देणारी सोय) असलेली फोर्स गुरखा पाहावी. बीएस6 प्रदूषण मानकाची डिझेल गाडी घेतल्यास दिवसभर वाळूत रांगल्यानंतर ती काही काळ महामार्गावर सलग पळवावी, अन्यथा डीपीएफ (धुरातील काजळी अडवणारी गाळणी) तुंबण्याची शक्यता असते.

मोठ्या टायरांचे आकर्षण मला आता कळत नाही. खोल खाचांचे मड टायर वाळू उपसत राहतात आणि गाडी पोटापर्यंत रुतते. साध्या टायरची हवा 30 च्या आसपासवरून 16 ते 18 पीएसआयवर (हवेच्या दाबाचे एकक) आणली की टायर लांबट पसरतो आणि तीच गाडी वर तरंगल्यासारखी निघते. मात्र एवढ्या कमी हवेवर झटक्याने वळू नये, कारण टायर रिमवरून निसटतो. डांबरी रस्ता लागताच हवा पुन्हा भरावी. चांगला कंप्रेसर, दोन रिकव्हरी बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्या) आणि सोबत दुसरी गाडी, यांवरचा खर्च लिफ्ट किटपेक्षा शहाणपणाचा आहे.

सरावासाठी अलिबाग-काशीदचा किनारा सुचवणारे पुष्कळ भेटतील. ओलसर, घट्ट वाळूचा टेकाडांच्या भुसभुशीत वाळूशी संबंध नाही, खारे पाणी चासी खाते, आणि भरती आली की गाडी बैलजोडीने ओढावी लागते. तरीही जुनीच थार घ्यायची ठरली, तर सौद्याच्या आधी मूळ मापाचे टायर बसवून द्यायला आणि लिफ्ट किट काढायला आधीच्या मालकाला सांगावे, आणि पॉलिसी काढतानाच तपासणीच्या फोटोंची प्रत ईमेलवर मागून घ्यावी.