‘तो’ की ‘ती’ न विचारता

“मॅडम, एवढ्या लहान वयात बाई, पुरुष, तृतीयपंथी हे सगळं सांगितलं तर मूल गोंधळून नाही का जाणार?” बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतंच. कधी शाळेतून चिठ्ठी आलेली असते, कधी मुलाने घरी असं काही विचारलेलं असतं की मोठ्यांना उत्तर सुचलेलं नसतं.

ओजसच्या बाबतीत चिठ्ठी आली होती. (नाव आणि काही तपशील बदलले आहेत.) वय सात. वर्गातल्या एका लांब केसांच्या मुलाला “तू छोकरी छे” म्हणून तो रोज रडवायचा. आई आणि आजी दोघीही आल्या होत्या. आई म्हणाली, “आम्ही घरात असलं काही बोलतच नाही हो, मग हा शिकला कुठून?” अडचण नेमकी त्या न बोलण्यातच होती. पण पहिल्याच दिवशी तसं म्हटलं असतं तर त्या पुन्हा आल्या नसत्या.

मुलांना मी समजावत बसत नाही, खेळायला बसवते. माझ्याकडे बारा कार्डं आहेत. चित्रांत चेहरे नाहीत, नुसते हात: पोळी लाटणारे, रिक्षाचं हँडल धरलेले, मेंदी लावलेले, गायीची धार काढणारे. मागे दोन ओळींत त्या माणसाची गोष्ट. एकाने कार्ड लपवायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारून माणूस ओळखायचा. ‘बाई की पुरुष’ एवढं मात्र विचारायचं नाही.

ओजस चिडला. “मग ओळखायचं कसं?” थोड्या वेळाने त्याने शक्कल लढवली. “ती पोळ्या करते का?” आजी गाफील होत्या, “हो, करतो की!” म्हणून गेल्या. “करतो म्हणाली! पुरुष आहे!” गडी खूश. मग मी नियम वाढवला: तो, ती, करतो, करते, सगळं बंद.

मराठीत हे फार अवघड आहे. त्याने तोंड उघडलं, मिटलं, कार्डाची कड नखाने खरवडली. मिनिटभराने डोळे चमकले आणि म्हणाला, “ए शुं करे छे?”

आम्ही तिघी बघतच राहिलो. गुजरातीत ‘ए’ म्हणजे तोही आणि तीही, आणि ‘करे छे’ दोघांनाही चालतं. मित्रांबरोबर रोज बोलतो त्या भाषेतून पोराने वाट काढली होती. मग प्रश्नांची रांगच लागली. ए शुं खाय छे? सकाळी कुठे जाय छे? घाबरे छे का? इतकी वर्षं हा खेळ घेतेय, पण माणसाबद्दल काहीही विचारण्याआधी आपण मुलाला दोनांतला एक खण निवडायला लावतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा इतकं स्वच्छ दिसलं. वेगळेपणाने मूल गोंधळत नाही. कुठल्या खणात टाकू याच्या धास्तीने ते कासावीस होतं.

लॉरेन्स कोलबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली याच्याच जवळचं मांडलं होतं. आपण मुलगा किंवा मुलगी आहोत ते कायम राहणार, याची पक्की खात्री साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मुलांना नसते. केस वाढले, फ्रॉक घातला तर आपण बदलू, असं त्यांना खरंच वाटू शकतं. दुसऱ्याच्या केसांवरून चिडवणारं मूल पुष्कळदा स्वतःच घाबरलेलं असतं. म्हणून त्याला ओरडू नका, आधी धीर द्या.

चौथ्या भेटीत टाळ्या वाजवणारे हात निघाले. आजींनी कार्ड ओळखलं आणि थबकल्या. मग नातवाला म्हणाल्या, “तुझ्या बारशाला मासीबा आल्या होत्या. बहुचराजीचं नाव घेऊन त्यांनी तुला मांडीवर घेतलं होतं.” (मासीबा म्हणजे तृतीयपंथी, गुजरातेत त्यांना आदराने असं म्हणतात; बहुचराजी ही त्यांची देवी.) ओजसने आईकडे पाहिलं. “मग तू मला खिडकीतून आत का ओढतेस त्या आल्या की?” आई काही बोलली नाही. मीही बोलले नाही. ती शांतता भरायची नसते, एवढं मी या कामात शिकले आहे.

घरी काय सांगायचं, असं आईने जाताना विचारलं. मी जे म्हणाले तेच इथे लिहिते. काही माणसं पुरुष असतात, काही बायका, आणि काहींना आपण या दोन्हींत बसत नाही असं वाटतं. सात वर्षांच्या मुलाला एवढं वाक्य पुरतं. आपण कोण हे ज्याचं त्याने सांगायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच मान्य केलं आहे. भातुकली खेळल्याने मुलगा ‘बिघडत’ नाही आणि क्रिकेट खेळल्याने ‘सुधारत’ नाही. मूल वर्षानुवर्षं स्वतःबद्दल काही वेगळं सांगत असेल तर ऐकून घ्या. ‘बदलून देतो’ म्हणणाऱ्याकडे नेऊ नका. डॉक्टरांनी असे उपचार करणं हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये गैरवर्तन ठरवलं आहे.

कार्डं घरीही होतात. जुन्या लग्नपत्रिकांच्या मागे मुलांकडूनच हात काढून घ्या. ओजसने माझ्यासाठी तेरावं कार्ड करून आणलं. त्यावर दोन हात लांब केसांची वेणी घालतायत, आणि मागे गुजरातीत एकच ओळ आहे: ए मारी बाजुमां बेसे छे. म्हणजे, हे माणूस माझ्या शेजारी बसतं.